मक्याचे दाणे, पोहायचे नूडल आणि पंचावन्न किलोंचा रोबो

१९९२ साली अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर शहरात, एका हायस्कूलच्या जिममध्ये चक्क मक्याचे दाणे ओतून त्यावर रोबोंची झुंज लावली होती. संघ २८. दाण्यांतून वाट काढायची, टेनिसचे चेंडू गोळा करायचे आणि आपल्या घरात आणून टाकायचे. ऐकायला पोरखेळ. पण सुट्या दाण्यांवर चाक जागच्या जागी गरगरतं, हे भल्याभल्या इंजिनिअरांना त्या दिवशी कळलं. खेळाचं नाव ‘मेझ क्रेझ’.

त्या मक्यातून उगवलेली ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’, मुलांच्या तोंडी नुसती ‘एफआरसी’, आज जगभरातले तीन हजारांहून जास्त हायस्कूल संघ खेळतात. अंतिम फेरी टेक्ससमधल्या ह्यूस्टनला होते. रोबो पन्नास-पंचावन्न किलोंचा, माणसाच्या कमरेएवढा किंवा त्याहून उंच, आणि वेगात आला तर पायावर घेऊ नये असा. पण खरं सांगायचं तर या स्पर्धेतली गंमत रोबोत कमी आहे. ती आहे त्याला लागणाऱ्या फुटकळ सामानात, नियमांतल्या खोड्यांत आणि पोरांच्या उसनवारीत.

बेटाचा राजा आणि बिल्ल्यांचा प्राध्यापक

स्पर्धेचे जनक दोन. पहिले डीन केमन. कॉलेजात असतानाच त्यांनी अंगावर बाळगता येणारा औषधाचा पंप बनवला, पुढे जिने चढणारी ‘आयबॉट’ व्हीलचेअर आणली आणि २००१ मध्ये दोन चाकांवर तोल सांभाळणारी ‘सेगवे’. माणूस कायम डेनिममध्ये. समारंभ असो, राष्ट्राध्यक्षांची भेट असो, अंगात डेनिमच.

केमन यांचं स्वतःचं एक बेट आहे, नॉर्थ डम्पलिंग नावाचं, न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत. तिथे पवनचक्की उभारण्यावरून सरकारी परवानगीचा वाद झाला, तेव्हा या गृहस्थांनी बेट स्वतंत्र राज्य झाल्याचं गमतीने जाहीर करून टाकलं आणि त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांच्याशी एक लटका अनाक्रमण करारही केला. असा माणूस शाळकरी मुलांना मक्यात रोबो चालवायला लावतो, यात नवल ते काय!

दुसरे वूडी फ्लॉवर्स, एमआयटीचे प्राध्यापक. त्यांच्या यंत्ररचनेच्या वर्गात सत्राच्या शेवटी लेखी परीक्षेऐवजी विद्यार्थ्यांच्या यंत्रांची कुस्ती व्हायची. मूठभर सारखंच सामान सगळ्यांना द्यायचं आणि म्हणायचं, करा काय करायचं ते. एफआरसीचा गाभा तिथून आला. स्पर्धेत मुलं त्यांच्याकडे आपापल्या संघाचे बिल्ले घेऊन धावत आणि ते सगळे बिल्ले अंगावर लावून फिरत. २०१९ मध्ये ते गेले. उत्तम मार्गदर्शकाला दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे.

दर जानेवारीत नवा पेपर

फुटबॉल, क्रिकेट, कबड्डी यांचे नियम वर्षानुवर्षं तेच. इथे मात्र दर वर्षी खेळच नवा. जानेवारीतल्या एका शनिवारी सगळ्या जगाला एकाच वेळी तो दाखवला जातो आणि तोपर्यंत कुणालाही पत्ता नसतो की यंदा फेकायचं आहे, रचायचं आहे की लटकायचं आहे. मागच्या वर्षीचा विजेता रोबो या वर्षी निव्वळ शोभेचा.

खेळातल्या वस्तूंची यादी पाहिली तर खेळण्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटेल. २०१२ मध्ये बास्केटबॉल. २०१३ मध्ये फ्रिस्बी. २०१४ मध्ये व्यायामशाळेतले भले मोठे फुगीर चेंडू. २०१५ मध्ये प्लास्टिकचे क्रेट आणि कचऱ्याचे डबे, एकावर एक रचायला. २०१८ मध्ये दुधाच्या पिशव्यांचे असतात तसले क्रेट, वर पिवळं कापड शिवून. २०२४ मध्ये फोमची नारिंगी कडी. २०२५ मध्ये पीव्हीसी पाइपचे तुकडे, ज्यांना ‘प्रवाळ’ म्हणायचं! प्लंबरच्या दुकानातला माल एका रात्रीत सागरी जीव झाला.

२०१६ चा खेळ किल्ल्यांचा होता. समोरच्याच्या गडावर चाल करून जायचं, मधे खंदक, उचलता पूल, वर सरकणारा दरवाजा, खडबडीत वाट. या अडथळ्यांपैकी एक कोणता लावायचा ते प्रेक्षक ठरवत, तेही ओरडून. ज्या संघाच्या बाजूने गळे जास्त, त्याचं फावायचं.

सगळ्यात खट्याळ वर्ष मात्र २००९. माणूस चंद्रावर उतरला त्याला ४० वर्षं होत होती. खेळाचं नाव ‘लूनसी’. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, मग ते जिममध्ये आणायचं कसं? आयोजकांनी जमिनीवर गुळगुळीत फायबरग्लासचे पत्रे अंथरले, भिंतींना लावतात तसले. सगळ्या संघांना कडक प्लास्टिकची एकाच प्रकारची चाकं दिली आणि सक्ती केली: हीच लावायची, त्यांना रबर चिकटवायचं नाही, खाचा पाडायच्या नाहीत. वर प्रत्येक रोबोच्या मागे एक ट्रॉली जोडली. प्रतिस्पर्ध्यांनी त्या ट्रॉलीत ‘चंद्रशिळा’ म्हणजे चेंडू टाकायचे. आता डोळ्यांसमोर आणा: सहा रोबो, ब्रेक लागत नाही, वळण घेता येत नाही, मागे ट्रॉली हेलकावे खातेय आणि चारी बाजूंनी चेंडूंचा वर्षाव. ज्यांनी आधीच्या वर्षांत ताकदवान मोटारींवर जीव टाकला होता त्यांची ताकद मातीमोल झाली. चाकं जितक्या जोरात फिरवाल तितकी ती जास्त घसरणार. त्या वर्षी गाडी हळूच हाकणारी पोरं पुढे गेली.

हार्डवेअरवाला, प्लंबर आणि स्विमिंग पूल

दोन रोबोंची टक्कर झाली तर लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून सभोवार बंपर लागतो. वर्षानुवर्षं नियमपुस्तकात त्याची पाककृती ठरलेली होती: पाऊण इंची प्लायवूड, त्यावर स्विमिंग पुलात मुलं धरून तरंगतात ते अडीच इंची फोमचे नूडल, वरून जाड कापड. लाखो रुपयांच्या यंत्राचं चिलखत म्हणजे पोहायला शिकायची नळी. त्यावर संघाचा क्रमांक ठसठशीत हवा आणि सामन्यागणिक बाजू बदलते म्हणून रंग कधी लाल, कधी निळा. मग पोरं उलटसुलट फिरवता येणारं कापड शिवतात. संघातला शिवणयंत्र चालवणारा मुलगा हा प्रोग्रामर मुलीइतकाच भाव खाऊन असतो.

चाकांना पकड कशाची? अनेक संघ चाकांवर चढवतात तो खरखरीत पट्टा मुळात कारखान्यातल्या कन्व्हेयर बेल्टचा असतो. खोकी घसरू नयेत म्हणून बनवलेला माल रोबो घसरू नये म्हणून कामी आला.

आणि प्राण? बारा व्होल्टची एक शिसं-आम्लाची बॅटरी, मोठ्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची, वजन सुमारे सहा किलो. रोबो कितीही शहाणा असला तरी सगळा खेळ त्या ठोकळ्याच्या जिवावर. एकाच वेळी सगळ्या मोटारी पिळल्या की व्होल्टेज कोसळतं आणि रोबोचा मेंदू स्वतःला वाचवायला मोटारींचा पुरवठाच तोडतो. मैदानावर दिसतं ते असं, की रोबो धापा टाकत थबकत थबकत चालला आहे. म्हणून प्रत्येक सामन्याला ताजी बॅटरी. बॅटऱ्यांना नंबर असतात, काही संघांत नावंही असतात आणि कोणती ‘कामचुकार’ आहे याची नोंदही. इतकं करून बॅटरीची वायर नीट न खोचल्यामुळे किंवा मुख्य स्विच दाबायचा राहिल्यामुळे अख्खा सामना रोबो पुतळ्यासारखा उभा राहिल्याच्या कहाण्या जवळपास प्रत्येक संघाकडे मिळतील.

या सामानाची विक्री करणाऱ्या कंपन्यांत ‘अँडीमार्क’चं नाव मोठं. अँडी आणि मार्क या दोन मार्गदर्शकांनी ती सुरू केली. दोघेही इंडियानातल्या कोकोमो गावच्या ‘टेक्नोकॅट्स’ संघाचे. दुकानाचं नाव ठरवायला वेळ लागला नसणार.

मंगळवारी मध्यरात्री पिशवीत

२०१९ पर्यंत एक जबरदस्त अट होती. रोबो बनवायला फक्त सहा आठवडे. ठरलेल्या मंगळवारी मध्यरात्रीच्या आत तो एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, वर क्रमांक असलेलं सील लावायचं आणि स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. साडेअकरापर्यंत ड्रिल चालू, पावणेबाराला कुणीतरी ओरडतंय की सील सापडत नाही, ही तेव्हाची ठरलेली रात्र.

पण नियम आला की पळवाट येते. रोबो पिशवीत गेला ना? मग तसाच दुसरा बांधा! पैसेवाले संघ जुळा रोबो बनवत आणि त्यावर सराव करत बसत. वर ठरावीक वजनाचे सुटे भाग पिशवीबाहेर ठेवायची मुभा होती, तेव्हा त्या वजनात बसेल एवढं नवं यंत्र तयार करून स्पर्धेच्या दिवशी जुन्या रोबोवर चढवत. गरीब संघ बापडे पिशवीकडे बघत. शेवटी २०२० च्या हंगामापासून पिशवी रद्द झाली. मुलांना मोकळीक मिळाली, आयांची तक्रार मात्र अशी की पूर्वी निदान सहा आठवड्यांनी पोरगं घरी जेवायला तरी यायचं.

घाई कमी वाटत असेल तर हेही ऐका. खेळ जाहीर झाला की काही हौशी मंडळी तीन दिवसांत चालता रोबो उभा करून त्याचे व्हिडिओ टाकतात. शाळेतली पोरं ते बघून ठरवतात, काय करायचं आणि विशेषतः काय करायचं नाही.

अडीच मिनिटं

महिनोन्महिन्यांची मेहनत, सामना सुमारे अडीच मिनिटांचा. त्यातले पहिले पंधराएक सेकंद रोबो एकटा. चालक मुलांनी मागच्या रेषेपलीकडे उभं राहायचं, रिमोटला हात लावायचा नाही. रोबोने आधी लिहून दिलेल्या प्रोग्रामवर चालायचं. मग भोंगा वाजतो, मुलं झेपावतात आणि हातात घेतात ते बहुतेकदा व्हिडिओ गेमचं साधं कंट्रोलर. ‘गेम खेळून काय पोट भरणार आहे का?’ असं विचारणाऱ्या पालकांनी हे दृश्य जरूर पाहावं.

१५ सेकंदही कधी कधी फार होतात. २०१५ मध्ये मैदानाच्या मधोमध कचऱ्याचे चार डबे ठेवलेले असत आणि ते दोन्ही बाजूंना हवे असत. जो आधी ओढेल त्याचे. मग वरच्या संघांनी स्प्रिंगवर ताणलेले, रबराने ओढलेले असे हात बनवले की अंतिम फेरीपर्यंत ही लूट एका सेकंदाच्या आत उरकू लागली. प्रेक्षकांच्या पापण्या लवायच्या आत डबे गायब.

२०११ मध्ये शेवटच्या काही सेकंदांत मोठा रोबो एक छोटा रोबो बाहेर काढी आणि तो पिल्लू-रोबो खांबावर सरसर चढून वरची पाटी आपटे. लोकांना मोठ्याचं काहीच आठवत नाही, पिल्लूच आठवतं.

हरायचंय? मग समोरच्याला गोल करून द्या

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. २०१० चा खेळ फुटबॉलचा होता. स्पर्धेच्या सूत्रधारांना वाटलं, मुलांनी एकमेकांना चिरडू नये, अटीतटीने खेळावं. म्हणून गुणांचा हिशोब असा ठेवला: जिंकणाऱ्याला स्वतःचे गुण आणि वर हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट. हरणाऱ्याला जिंकणाऱ्याएवढे गुण.

हेतू सोज्वळ. पण गणितात हुशार पोरांनी पेन्सिल उचलली. आपण हरणार हे दिसतच असेल, तर आपले गुण वाढवून काय उपयोग? आपल्याला मिळणार समोरच्याएवढे. तेव्हा समोरच्याचे वाढवा! झालं. काही सामन्यांत सहाच्या सहा रोबो एकाच बाजूच्या जाळ्यात चेंडू ढकलत सुटले. सहा विरुद्ध शून्य. प्रेक्षकांतले आजी-आजोबा बुचकळ्यात, निवेदक बुचकळ्यात आणि मैदानावरचे सहाही संघ खुशीत. नियम एकही मोडला नव्हता. माझ्या मते त्या हंगामातलं खरं अभियांत्रिकी डोकं यातच दिसलं, जरी आयोजकांच्या कपाळावर आठ्या आल्या तरी.

तरी सहकार्याची हौस काही फिटली नाही. २००१ मध्ये तर प्रतिस्पर्धीच नव्हते, चार रोबो एकत्र आणि शत्रू फक्त घड्याळ. २०१२ मध्ये मैदानाच्या मधे एक डुगडुगता पूल होता. त्यावर लाल बाजूचा एक आणि निळ्या बाजूचा एक असे दोन रोबो एकत्र तोल सांभाळून उभे राहिले की दोघांनाही क्रमवारीचे गुण. बाकी दोन मिनिटं ठोसे, शेवटी गळ्यात गळा.

महाराष्ट्राला आघाडी शिकवायला नको

एफआरसीत कुणी एकटा जिंकत नाही. १९९९ पासून आघाड्या आल्या आणि २००५ पासून तीन रोबो विरुद्ध तीन हे ठरून गेलं. साखळी फेरीत जोडीदार कोण ते संगणक ठरवतो. सकाळी ज्याला ढकलून भिंतीला लावलं, दुपारी त्याच्याच खांद्याला खांदा लावायचा. मग वैर धरायचं कुणाशी?

बाद फेरीआधी मात्र मैदानाच्या मधोमध, माईक हातात घेऊन, सगळ्यांदेखत जागावाटप होतं. क्रमवारीतले पहिले आठ संघ आपापल्या आघाडीचे नेते. पहिल्या क्रमांकाने आधी निवडायचं, मग दुसऱ्याने, असं आठव्यापर्यंत. दुसऱ्या फेरीत उलटं, आठव्यापासून पहिल्यापर्यंत. निमंत्रण नाकारायची मुभा आहे, पण एकदा ‘नाही’ म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या आघाडीत जाता येत नाही. पहिल्या आठांत असाल तर स्वतःची आघाडी काढा, नसाल तर घरी जा. आपल्याकडच्या पक्षांना हे एवढं एक कलम लावलं तर किती रात्री शांत जातील!

कुणाला घ्यायचं हे ठरवायला हेरगिरी चालते, उघड उघड. अनेक संघांची सहा-सहा मुलं गॅलरीत बसतात, एकेकाने मैदानावरच्या एकेका रोबोवर नजर ठेवायची: किती फेकले, किती लागले, किती वेळा आडवा झाला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावचा ‘सिट्रस सर्किट्स’ संघ या कामासाठी जगभर नावाजलेला आहे. आणि ही माहिती गोळा कशी करतात? स्पर्धेच्या जागी संघांना स्वतःचं वायफाय चालवायला बंदी, कारण रोबो त्याच लहरींवर चालतात. म्हणून टॅबवर नोंदी करायच्या, त्याचा क्यूआर कोड बनवायचा आणि शेजारच्याने तो स्कॅन करायचा. भाजीवाल्याच्या गाडीवर आपण जे करतो तेच, फक्त पैशांऐवजी शत्रूची गुपितं.

वायफायच्या बाबतीत आयोजक इतके कडक का? २०१२ च्या अंतिम सामन्यांत, आइन्स्टाइन नावाच्या मुख्य मैदानावर, एकामागून एक रोबो मधेच मुके होऊ लागले. जगातले उत्तमातले उत्तम रोबो, आणि हलायला तयार नाहीत. मोठी चौकशी झाली. अहवालात निघालं की काही बिघाड खरोखरचे होते, पण एका माणसाने मोबाइल फोनवरून रोबोंचा संपर्क तोडण्याचे उद्योगही केले होते. ज्या मैदानाला आइन्स्टाइनचं नाव, तिथे खिशातल्या फोनने सगळ्यांचं घोडं अडवलं.

बाकी अंतिम फेरीतल्या मैदानांची नावं वाचली तर विज्ञानाच्या इतिहासाची उजळणी होते: आर्किमिडीज, क्युरी, गॅलिलिओ, न्यूटन, शिवाय संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आणि नासाच्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन. ‘क्युरीवर हरलो पण हॉपरवाले भारी होते,’ अशी वाक्यं तिथे सहज कानावर पडतात.

पिटमधली उसनवारी

संघांच्या दुरुस्तीच्या टपऱ्यांना ‘पिट’ म्हणतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर आत पाऊल टाकता येत नाही, मग तुम्ही मुख्याध्यापक असा की आमदार. अरुंद बोळांतून रोबोची ढकलगाडी निघाली की पुढचा पोरगा ‘रोबो! रोबो!’ असं ओरडत वाट काढतो.

एखाद्याची मोटार जळाली तर लाउडस्पीकरवर पुकारा होतो: अमुक क्रमांकाच्या संघाला तमुक भाग हवा आहे. पाच मिनिटांत तीन संघ तो घेऊन हजर, त्यांत पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धीही असतो. मोडक्या रोबोला हरवण्यात मजा नाही, असा तिथला रिवाज आहे. सगळ्यात मानाचा पुरस्कारही जिंकणाऱ्या रोबोला मिळत नाही. तो ज्या संघाने आपल्या गावात, इतर शाळांत हे वेड पसरवलं त्याला मिळतो.

दोन सामन्यांच्या मधे काय? नाच. ‘वायएमसीए’ वाजलं की पाचशे पोरं, डोक्यावर शिंगं, तोंडाला रंग, हात वर. बिल्ल्यांची अदलाबदल तर अखंड चालू असते.

आणि संघांची नावं! सॅन होजेचा अनेकदा जगज्जेता झालेला २५४ क्रमांकाचा संघ: ‘चीझी पूफ्स’. मिशिगनचे ‘थंडर चिकन्स’ आणि ‘किलर बीज’. फ्लोरिडाचे ‘एक्स्प्लोडिंग बेकन’. कॅलिफोर्नियातल्या गर्ल स्काउट मुलींचा ‘स्पेस कुकीज’, कारण गर्ल स्काउट बिस्किटं विकण्यासाठीच प्रसिद्ध. साधारणपणे क्रमांक जितका लहान तितका संघ जुना, त्यामुळे दोन आकडी नंबरचा टी-शर्ट घातलेल्यांचा रुबाब काही वेगळाच.

‘स्टिंकी’ आणि औषधाच्या दुकानातली खरेदी

आता एफआरसीच्या जिमबाहेर, पाण्यात. २००४ च्या जूनमध्ये सांता बार्बराच्या विद्यापीठात पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा होती. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरातून कार्ल हेडन हायस्कूलची चार मुलं आली. चौघंही मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली, अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसलेली, गरीब वस्तीतली. ही शाळा एफआरसीतही खेळायची. मुलांकडे वर्गणीतून जमलेले आठशे डॉलरच्या आसपास, आणि त्यातून पीव्हीसी पाइपांचा रोबो. पाइप चिकटवायच्या गोंदाचा वास असा उग्र की त्यांनी रोबोचं नावच ठेवलं ‘स्टिंकी’.

त्यांनी मुद्दाम विद्यापीठांच्या वरच्या गटात नाव घातलं. हरायचंच आहे तर मोठ्यांकडून हरू, असा हिशोब. त्या गटात एमआयटी होती, दहा हजार डॉलरहून जास्त खर्चाचं यंत्र घेऊन.

ऐन वेळी स्टिंकीच्या विद्युत भागांच्या डब्यात पाणी शिरू लागलं. सगळं उघडून पुन्हा झाळण्याएवढा वेळ नव्हता. पाणी शोषून घेईल असं छोटंसं काय मिळेल? एकाच्या डोक्यात आलं: टॅम्पॉन. आता दुकानात जायचं कोणी? लोरेन्झो सांतिलान या पोराला पिटाळलं. तो लाजत लाजत गेला, एका बाईंना विचारलं की सगळ्यात चांगले कोणते, आणि घेऊन आला. डब्यात कोंबले. स्टिंकी पाण्यात उतरला आणि कोरडा राहिला.

निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक कार्ल हेडनचा, दुसरा एमआयटीचा. तांत्रिक लेखनाचा पुरस्कारही या मुलांनाच मिळाला, ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं. पुढे या कथेवर ‘स्पेअर पार्ट्स’ हा चित्रपट आला, २०१५ मध्ये. सिनेमावाल्यांना काही तिखटमीठ लावायची गरज पडली नसावी.

व्हिसा नाही, कोरोलाचे भाग चालतील

डीन केमन यांनीच २०१७ मध्ये वॉशिंग्टनला ‘फर्स्ट ग्लोबल’ भरवली, देशाला एक संघ, रोबोंचं ऑलिंपिक म्हणा. दीडशेहून जास्त देश. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या मुलींना व्हिसा दोनदा नाकारला गेला आणि जगभर गदारोळ झाल्यावर ऐन शेवटच्या घटकेला प्रवेश मिळाला. त्यांनी धाडसासाठीचं रौप्यपदक नेलं. २०२० मध्ये करोनाने हाहाकार केला, तेव्हा याच संघाच्या मुलींनी जुन्या टोयोटा कोरोलाचे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटरचा नमुना बनवला.

त्याच २०१७ च्या स्पर्धेत भारताकडून मुंबईची शाळकरी मुलं उतरली होती आणि अभियांत्रिकी रचनेचा झांग हेंग पुरस्कार घेऊन आली. झांग हेंग म्हणजे दुसऱ्या शतकात भूकंप दाखवणारं यंत्र बनवणारा चिनी विद्वान. मुंबईचाच ‘आर फॅक्टर’ हा संघ, क्रमांक ६०२४, एफआरसीत परदेशी जाऊन खेळतो. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये पंचावन्न किलोंचा रोबो ठेवायचा कुठे, हा प्रश्न कुठल्याही नियमपुस्तकात नाही.

पुण्यात रोबोंची दहीहंडी

आणि ज्यांना वाटतं की रोबोंना आपल्याकडचं काही कळत नाही, त्यांनी २००८ सालचं पुणे आठवावं. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची ‘रोबोकॉन’ त्या वर्षी पुण्यात झाली. ही स्पर्धा जिथे भरते तिथल्या संस्कृतीवरून खेळ रचला जातो. पुण्याने दिलेला विषय होता ‘गोविंदा’! जपान, चीन, व्हिएतनामची पोरं लोणी पळवायचे रोबो घेऊन पुण्यात उतरली. त्याआधी कितीतरी महिने, कितीतरी देशांतल्या प्रयोगशाळांत कृष्ण म्हणजे कोण आणि तो लोणी का चोरतो याची चर्चा झाली असणार.

२०१४ मध्ये स्पर्धा परत पुण्यातच आली, बालेवाडीला, आणि विषय होता पालकांना सलाम: आई-बाप रोबोने पिल्लू रोबोला सी-सॉवर बसवायचं, झोक्यावर झुलवायचं, जंगल जिमवर चढवायचं. पिल्लाला रिमोट नव्हता, त्याने आपल्या डोक्याने चालायचं. त्यामुळे आई-बाप रोबो झोका देऊन तयार आणि पिल्लू भलतीकडेच निघालेलं, असे प्रसंग बालेवाडीत आले नसते तरच नवल.